एआय एजंटाच्या फाइल-शोध टूलची माहिती कुठे लिहावी: टूलच्या वर्णनात की स्वतंत्र मार्गदर्शिकेत?

फोंडा किंवा म्हापशातील जमिनीची कामे पाहणाऱ्या एखाद्या वकिली कार्यालयाचे उदाहरण घेऊ. पोर्तुगीज काळातील दस्तांच्या स्कॅन प्रती, फॉर्म वन अँड फोर्टीनचे (जमिनीच्या हक्कनोंदीचे) उतारे, इंग्रजी सेल डीड आणि मराठी-कोंकणी पत्रव्यवहार असे सर्व काही गूगल ड्राइव्हवर साठवलेले आहे. त्यात शोध घेण्यासाठी एआय एजंटाला (गोव्यात एजंट म्हटले की आधी जमिनीचा दलाल आठवतो, तो येथे अभिप्रेत नाही; दिलेली साधने स्वतः वापरून काम करणारा एआय प्रोग्राम असा अर्थ आहे) एक टूल, म्हणजे असे एक साधन, द्यायचे आहे आणि ते कसे वापरावे हे लिहून ठेवायचे आहे.

हे लेखन दोन ठिकाणी करता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याच्या सामायिक पद्धतीत) प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची याचा आराखडा) असतो, आणि टूल जोडलेले असेपर्यंत हा मजकूर साधारणपणे मॉडेलसमोरच राहतो. त्यामुळे तो वाचला जाईल याची खात्री असते, पण त्यातील प्रत्येक वाक्याचे टोकन (मॉडेल ज्या तुकड्यांत मजकूर वाचते आणि मोजते ते) प्रत्येक संभाषणात खर्च होतात. स्वतंत्र मार्गदर्शिका उघडली जाईपर्यंत हा खर्च होत नाही आणि ती हवी तेवढी सविस्तर लिहिता येते. मात्र ती उघडण्याची गरज आहे हे एजंटाला कळावे लागते, आणि माझ्या मते निवडीतला खरा पेच येथेच आहे.

शोध-टूलची चूक बहुधा मुकी असते. समजा, एजंटाने क्वेरीत (शोधासाठी लिहिलेल्या सूत्रात) डि'सोझा हे आडनाव रोमन लिपीत, मधल्या अवतरणचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश न देता लिहिले, तर क्वेरी मोडते आणि ड्राइव्ह त्रुटी परत करते. ही बोलकी चूक होय. त्रुटीच्या संदेशातच उपाय किंवा मार्गदर्शिकेतील जागा सांगता येते, म्हणून असे नियम वर्णनात नसले तरी चालते. याउलट ड्राइव्हमध्ये फाइलच्या नावासाठी वापरलेला 'कंटेन्स' हा शब्द केवळ सुरुवातीपासून जुळवणी करतो. रोमन लिपीत 'सेलडीड' असे जोडून नाव दिलेली फाइल 'सेल' या शोधाला सापडते, 'डीड' या शोधाला सापडत नाही. येथे त्रुटी येत नाही, रिकामी यादी येते, आणि एजंट पक्षकाराला शांतपणे सांगतो की असा दस्त उपलब्ध नाही. ज्याला आपले काही चुकले आहे हे ठाऊकच नाही, तो मार्गदर्शिका कशाला उघडेल?

अशा मुक्या चुका मोजक्याच आहेत, पण त्या वर्णनातच हव्यात. ड्राइव्ह एका पानात मुळात १०० फायली देते आणि पुढच्या पानाचे टोकन (येथे अर्थ वेगळा: ते पान मागवण्याची खूण) न वापरल्यास उरलेल्या नजरेआड राहतात. कचरापेटीतील फायली वेगळे सांगितल्याशिवाय वगळल्या जात नाहीत. वेळेचा विभाग न दिल्यास तारीख यूटीसीप्रमाणे (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) धरली जाते, म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचपूर्वी बदललेली फाइल ३१ मार्चची ठरते. बदलाची तारीख ही दस्ताची तारीख नव्हे, हेही स्पष्ट लिहावे. १९५८ चा दस्त २०२३ मध्ये स्कॅन केला असेल, तर ड्राइव्हच्या लेखी तो २०२३ चाच असतो.

मार्गदर्शिकेची बाजू स्थानिक तपशिलात भक्कम ठरते. सर्व्हे क्रमांक १२४/३ हा फाइलच्या नावात १२४-३ असा लिहिलेला आढळतो, कारण विंडोजमध्ये नावात तिरकी रेघ चालत नाही. म्हापसा हे गाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते, आणि पणजीची अवस्था फारशी वेगळी नाही. ही यादी वाढतच जाणार. ती कोडमधील वर्णनात ठेवली, तर प्रत्येक नव्या नावासाठी प्रोग्रामरला गाठावे लागेल. मार्गदर्शिकेत ठेवली, तर कार्यालयातील कारकून ती स्वतः दुरुस्त करू शकतो. वर्णनात केवळ एवढे वाक्य हवे: यादी रिकामी आली तर 'सापडले नाही' असे सांगण्यापूर्वी नावांची यादी वाचून पुन्हा शोधावे.

वर्णन मराठीत लिहावे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बहुतेक मॉडेलांमध्ये देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा अधिक टोकन लागतात, म्हणून वर्णन इंग्रजीत आणि उदाहरणे मात्र कार्यालयातील खऱ्या नावांच्या धर्तीवर, दोन्ही लिप्यांत, अशी विभागणी मला योग्य वाटते. मार्गदर्शिका मराठीत असण्यास काहीच हरकत नाही, कारण ती माणसेही वाचणार आहेत.

एकच ड्राइव्ह आणि शिस्तीने दिलेली नावे असतील, तर मार्गदर्शिकेच्या फंदात पडू नये. सात-आठ वाक्यांचे वर्णन पुरते. अनेक वर्षांत अनेक हातांनी नावे दिलेली असतील, तर दोन्ही लागतील. कोणती वाक्ये कुठे जावीत हे ठरवण्यासाठी, ड्राइव्हवर नक्की असलेल्या दहा-बारा फायली एजंटाला मार्गदर्शिकेविना शोधायला सांगाव्यात. ज्या फायलींसाठी तो 'उपलब्ध नाही' असे ठामपणे म्हणेल, त्यांच्यापासून वर्णन लिहिण्यास सुरुवात करावी.