रत्नागिरीतली शाळकरी मुलांची एकपात्री अभिनयाची कार्यशाळा: मुलाला घालावं का?

आठवी ते दहावीसाठी 5 दिवसांची ही कार्यशाळा आहे. एकपात्री म्हणजे उतारा घोकायचा, ही समजूत पहिल्याच दिवशी मोडते. 3 मिनिटांना साधारण 300 शब्द पुरतात, त्यामुळे आधी संहितेला कात्री लागते. मग प्रश्न: पात्र कुणाशी बोलतंय, त्याला काय हवंय, आत्ताच का बोलतंय?

खरं मोल आहे ते श्वासावरच्या कामाचं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि मुलांचा दम नेमका तिथेच संपतो. ‘मी त्याला कधीच माफ करणार नाही’ यातला ‘नाही’ गिळला गेला, की वाक्य वाया. म्हणून पेन्सिलीने तिरप्या रेघा मारून श्वासाच्या जागा ठरवतात, ‘कधीच’च्या आधी एक, आणि शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचेस्तोवर वाक्य पुन्हा म्हणवतात.

नजर स्पर्धेच्या परीक्षकांच्या जरा बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. जमिनीकडे पाहिलं की आवाजही पडतो.

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते, नट संवाद रंगमंचावरच रचतात. तोच धागा धरून एक दिवस उतारा स्वतःच्या शब्दांत, हवं तर मालवणीत, बोलायला लावतात. पाठांतराचा हेल पार जातो. फार सुंदर कल्पना!

उणीव मोठी आहे: सगळा सराव लहान खोलीत. सभागृहाच्या पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळताना तोच आवाज तिसऱ्या रांगेतही पोचत नाही. एक सत्र तरी मोठ्या सभागृहात हवंच. तरीही मुलाला जरूर घाला.