केसॅन वापरून पाहिल्यावर : ठिकाण अचूक, कारण आपले आपण शोधायचे

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ४.० या आवृत्तीत, म्हणजे २०१५ साली, दाखल झालेले ‘कर्नल ॲड्रेस सॅनिटायझर’ अर्थात केसॅन हे मेमरीतील चुकीचे वाचन-लेखन पकडणारे साधन मी नुकतेच एका यूएसबी ड्रायव्हरवर चालवून पाहिले. ते कर्नलचाच भाग असल्याने विकत घ्यावे लागत नाही. किंमत मोजावी लागते ती मेमरीत आणि वेळात.

ड्रायव्हर एका मापन-उपकरणाचा होता. प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट पुढील माहितीची लांबी सांगतो आणि ड्रायव्हर तेवढे बाइट ६० बाइटांच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीत मागून घेतलेल्या जागेत, उतरवून घेतो. उपकरण कित्येक महिने ६२ बाइट पाठवत होते, तरी काही बिघडले नव्हते. कारण कर्नलचा स्लॅब ॲलोकेटर, म्हणजे मेमरी ठरावीक मापांच्या खणांत वाटून देणारा भाग, ६० बाइटांची मागणी ६४ बाइटांच्या खणातून भागवतो आणि वरचे चार बाइट कोणाच्याच कामाचे नसतात. फर्मवेअर (उपकरणातले सॉफ्टवेअर) बदलून माहिती ७० बाइटांची झाली, तेव्हा शेजारच्या खणावर सहा बाइट सांडू लागले आणि कर्नल कोसळू लागला, तोही दर वेळी निराळ्या ठिकाणी: कधी फाईल सिस्टिमच्या फंक्शनमध्ये, कधी नेटवर्कच्या. दोन दिवस मी त्या निरपराध फंक्शनांचा कोड वाचत होतो. स्लॅबच्या जुन्या डीबग पर्यायांनी कडेची मेमरी खराब झाल्याचे कळते खरे, परंतु ते मुख्यतः खण परत करताना किंवा पुन्हा देताना, म्हणजे चोर निघून गेल्यावर.

केसॅनची रीत वेगळी आहे. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे ते एका ‘शॅडो’ बाइटात नोंद ठेवते: शून्य असेल तर आठही बाइट वापरण्याजोगे, एक ते सात असेल तर पहिले तेवढेच, आणि ऋण असेल तर त्या आठांपैकी एकालाही हात लावायचा नाही. कर्नल बांधताना कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी ही नोंद तपासणारा कोड पेरतो. माझ्या ६० बाइटांच्या बफरसाठी सात शून्ये आणि आठव्या जागी चार अशी नोंद होती, त्यामुळे ६१ व्या बाइटालाच आक्षेप निघाला. जुने फर्मवेअर पुन्हा चढवून पाहिले, तेव्हा कधीच त्रास न दिलेले ६२ बाइटांचे पॅकेटही पकडले गेले. ज्या दोषाची लक्षणेच दिसत नाहीत तो असा हाती येणे, हे मला या साधनाचे सर्वांत मोठे श्रेय वाटते.

अहवाल वाचायला सोपा आहे. किती बाइटांचे लेखन कोणत्या फंक्शनमधून झाले, तो बफर मुळात कोणी मागितला होता आणि आसपासच्या शॅडो बाइटांपैकी नेमका कोणता ओलांडला गेला, हे सारे एकत्र मिळते. एक सूचना मात्र द्यावीशी वाटते. अहवालात टास्कचे, म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या प्रोसेसचे, नाव छापलेले असते आणि नवखा माणूस त्याच्याच मागे लागतो. पण यूएसबीचा पूर्तता-कॉलबॅक, म्हणजे पॅकेट आल्यावर हाक मारले जाणारे फंक्शन, बहुधा इंटरप्टच्या संदर्भात, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून, चालतो, त्यामुळे ते नाव त्या क्षणी प्रोसेसरवर असलेल्या कुठल्याही असंबद्ध प्रोसेसचे असू शकते. तसेच, मूळ मांडणीत फक्त पहिलाच अहवाल छापला जातो. पुढचेही हवे असल्यास बूटच्या वेळी तसा पर्याय द्यावा लागतो.

अहवालातील ओळ दुरुस्त केली म्हणजे दोष गेला, असे मात्र नाही. लांबी एका बाइटात येत असल्याने ती २५५ च्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून मी प्रथम बफर २५६ बाइटांचा केला आणि केसॅन गप्प झाले. प्रत्यक्षात उपकरणाने २० बाइट पाठवून लांबी २०० सांगितली, तर उरलेले बाइट आधीच्या पॅकेटच्या शिळ्या अवशेषांतून उचलले जाऊन थेट यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या सामान्य प्रोग्रॅमांकडे, जात होते. पॅकेट आधी ज्यात येते तो स्वीकारण्याचा बफर ५१२ बाइटांचा आणि रीतसर मागितलेला असल्यामुळे केसॅनच्या दृष्टीने यात काहीच गैर नव्हते. खरी चूक कॉपी करण्याच्या ओळीत नव्हती. उपकरणाने सांगितलेल्या लांबीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यात होती. आता ती लांबी बफरच्या आकाराशी आणि प्रत्यक्ष आलेल्या बाइटांशी अशी दोन्हीकडे ताडली जाते, आणि न जुळल्यास पॅकेट टाकून दिले जाते. ते कापून घेतले तर अर्धवट मापन पूर्ण म्हणून पुढे गेले असते. ही तुलनाही जपून लिहावी लागली, कारण आलेल्या बाइटांत लांबीचा पहिला बाइटही धरलेला असतो आणि माहितीचे बाइट त्याहून एकाने कमी असतात. आलेल्या बाइटांची संख्या चिन्हरहित (ऋण होऊ न शकणारी, ३२ बिटांची) असते, यूएसबीत शून्य बाइटांचे पॅकेट वैध असते, आणि शून्यातून एक वजा केला की ४२९४९६७२९५ उरतात. म्हणून एक तिकडून वजा न करता लांबीत मिळवला, आणि त्याआधी रिकामे पॅकेट बाजूला काढले.

केसॅनला दिसत नाही असे आणखीही बरेच आहे. एकाच स्ट्रक्चरमधील (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गटातील) ॲरे ओलांडून पुढच्या फील्डवर लिहिले, तर ते एकाच खणातले लेखन ठरते. उपकरण डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरीत लिहिते, तेव्हा प्रोसेसरची सूचनाच चालत नाही, त्यामुळे कंपायलरची पेरणी तेथे कुचकामी ठरते. जो मार्ग चाललाच नाही, त्याची तपासणीही होत नाही. त्यासाठी वेडीवाकडी माहिती पुरवणारे काहीतरी सोबत लागते. गूगलच्या सिझकॉलर या फझरने २०१७ मध्ये यूएसबी ड्रायव्हरांमधील दोष मोठ्या संख्येने उघडकीस आणले, ते केसॅनच्याच जोडीने. मी ‘रॉ गॅजेट’ या, यूएसबी उपकरणाचे सोंग घेऊ देणाऱ्या, कर्नलच्या सोयीच्या आधारे एक खोटे उपकरण उभे करून लांबीच्या सर्व २५६ किमती पाठवल्या.

खर्चाची बाजू लहान नाही. सर्वसाधारण प्रकारात सुमारे एक अष्टमांश मेमरी शॅडोसाठी जाते, इतर मागण्याही सुमारे दीडपट होतात आणि वेग अंदाजे तिपटीने घटतो. शिवाय कर्नल आणि मॉड्यूल दोन्ही नव्याने बांधावी लागतात. चाचणीच्या यंत्रावर हे सारे मला मान्य आहे, ग्राहकाच्या यंत्रावर मुळीच नाही. तेथे कर्नलच्या ५.१२ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेले, अशाच चुका शोधणारे केफेन्स योग्य ठरते: ते ठरावीक कालांतराने एखादीच मागणी दोन संरक्षक पानांच्या (हात लागताच चूक उघड करणाऱ्या मेमरीच्या तुकड्यांच्या) दरम्यान ठेवून तपासते, म्हणून जवळजवळ फुकट पडते, पण पकडेलच याची खात्री नसते.

दुरुस्तीनंतर खोटे उपकरण रात्रभर चालू ठेवले. लांबीबाबत एकही अहवाल आला नाही. आला तो दुसराच: उपकरण काढून घेण्याच्या क्षणी, मोकळ्या केलेल्या मेमरीचे वाचन.