शिबिरातली बाग: कुंडी की वाफा?
उन्हाळी शिबिरात मुलांना बागकाम शिकवताना प्रत्येकाला वेगळी कुंडी द्यावी की सगळ्यांचा मिळून एक वाफा करावा? कुंडीवर नाव लिहिता येतं, शेवटच्या दिवशी ती घरी नेता येते. पण उन्हात माती लवकर सुकते, आणि उत्साही मूल दिवसातून पाचदा पाणी घालून मुळं कुजवतं ते वेगळंच. वाफ्यात खुरपं चालवताना गांडूळ निघतं, मग अर्धा तास कुणी जागचं हलत नाही. ओल बघायला बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, हेही तिथे आपोआप अंगवळणी पडतं. भांडणं होतात, होऊ द्यावीत. माझं मत वाफ्यालाच. फक्त शिबिर महिनाभराचं असेल तर लहान लाल मुळा पेरा, 25 ते 30 दिवसांत उपटता येतो. टोमॅटोचं तयार रोप लावलं तरी त्याला तेवढ्यात जेमतेम फुलं येतील.