सावलीच्या बागेत कळलावी की पीस लिली?

घोडबंदर रोडचे टॉवर असोत की वाशी-नेरूळच्या जुन्या सोसायट्या, तळमजल्याच्या बागेला ऊन जेमतेमच मिळतं. तिथे वर्षानुवर्षं टिकणारं फुलझाड हवं असेल, तर कळलावी आणि पीस लिली ही दोन हमखास सुचवली जातात. दोन्ही विषारी, पण विषाची जात अगदी वेगळी. म्हणून आधी घरात कोण आहे ते बघा, मग ऊन.

पीस लिलीच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंड चुरचुरतं, लाळ गळते. कच्च्या अळूची खाज आठवा, तोच प्रकार. कळलावीचं तसं नाही. तिच्या सर्वांगात कोल्चिसिन हे जहाल विष असतं, कंदात आणि बियांत भरपूर. कंद रताळ्यासारखा दिसतो, तिथेच घात होतो. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब, पुढे एकेक अवयव निकामी. रांगतं मूल किंवा उकरणारा कुत्रा असेल, तर कळलावी लावूच नका.

बाकीच्यांनी जरूर लावावी. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसाळ्यात दिसणारी हीच वेल: पानाच्या टोकाचा आकडा करून आधार धरते, उलट्या वळलेल्या पाकळ्या बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लालभडक. मात्र मुळाशी सावली चालली तरी शेंड्याला चारेक तास ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं. मेअखेरीस बारा इंची कुंडीत दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत भरून कंद आडवा, दोन-अडीच इंच खोल ठेवा. हातमोजे घाला. कंदाच्या टोकाचा डोळा नाजूक असतो. तो मोडला की कोंब येत नाही. कुंडीचं भोक तुंबलं तर जुलैतच कंद सडतो. पावसाळ्यानंतर वेल वाळते, ती मेलेली नसते. बरेच जण इथेच चुकतात आणि पाणी घालत राहतात. पाणी पूर्ण बंद करा, कुंडीवर नाव लिहा, पुढच्या मेपर्यंत कोरडी ठेवा.

थेट ऊन अजिबात नसेल तर पीस लिलीच. आठ इंची कुंडी पुरते. वरची इंचभर माती सुकली की पाणी. तहानेने माना टाकते आणि पाणी मिळताच काही तासांत सावरते. माती ओली असूनही माना टाकल्या, तर मुळं कुजली आहेत: बाहेर काढा, काळी मुळं कापा, नव्या मातीत लावा. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात जगते, पण फुलत नाही.

सोसायटीच्या वाफ्यासाठी स्पायडर लिली अधिक सोयीची, पण तिचाही कंद विषारी आणि थेट कांद्यासारखा. कांद्याच्या पातीजवळ लावू नका.