थर्माकोल घेणारे भंगार दुकान: दोन फेऱ्यांचा अनुभव

नवा फ्रिज घरी आला की त्याचे खोके रद्दीवाला आनंदाने नेतो, पण आतल्या थर्माकोलला आमच्या जुळे सोलापुरातला एकही भंगारवाला हात लावायला तयार नव्हता. अक्कलकोट रस्त्यावरील एका दुकानात तो घेतात असे कळले, म्हणून तिथे दोन फेऱ्या केल्या.

भावाची अपेक्षा ठेवू नये. थर्माकोलमध्ये सुमारे 98 टक्के हवाच असते, त्यामुळे रिक्षाची मागची सीट छतापर्यंत भरून नेलेला माल काट्यावर किलोभरही भरला नाही. पैसे मिळाले नाहीत आणि रिक्षाचे भाडे पदरचे गेले. दुकानदाराचेही याच हवेपायी अडते. गाडी भरते पण वजन भरत नाही, म्हणून तो पोती साठवतो आणि पुरेशी झाली की थर्माकोल दाबून त्याचे ठोकळे करणाऱ्या कारखान्याकडे धाडतो. पुढे हे ठोकळे वितळवून त्यांपासून फोटोफ्रेमच्या पट्ट्यांसारख्या वस्तू होतात.

मला आवडली ती तिथली निवड. पहिल्या फेरीत माल निवडणाऱ्या मावशींनी माझा निम्मा ढीग परत केला: तपकिरी चिकटपट्टी लागलेले तुकडे, भाजीचे डाग पडलेल्या थाळ्या, आणि 2018 च्या राज्यातील थर्माकोल बंदीआधीपासून माळ्यावर पडून असलेल्या गणपतीच्या मखराचे रंगवलेले, चमकी लावलेले खांब. टीव्हीच्या पडद्यावरचा मऊ पांढरा फोमही मी थर्माकोलच समजत होतो. मावशींनी दोन्हींचा एकेक कोपरा हातात घेतला. एक कट्‌कन तुटून त्यातले दाणे दिसले, दुसरा नुसताच वाकला. ‘‘वाकतो तो वेगळ्या पोत्यात, बघा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. तो पॉलिइथिलिन या वेगळ्या प्लास्टिकचा असतो आणि पॉलिस्टायरिनमध्ये, म्हणजे थर्माकोलमध्ये, मिसळला तर सगळा माल बिघडतो, हे मला नंतर समजले.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. पोत्यांची तोंडे उघडी असतात आणि दुपारचे वारे सुटले की सुटे दाणे थेट समोरच्या गटारीत जातात. इतक्या काटेकोरपणे निवडलेला माल सुतळीने बांधायला कितीसा वेळ लागतो? शिवाय काय घेतात आणि काय घेत नाहीत याची पाटी नसल्याने माझ्यासारख्याची एक फेरी वाया जाते. म्हणून पाचपैकी साडेतीन गुण.

दुसऱ्या फेरीला चिकटपट्टी सोलून, तुकडे कोरडे करून आणि न चुरता नेले, तेव्हा सगळे घेतले गेले. मखराचे खांब मात्र पुन्हा माळ्यावरच चढवावे लागले.