पैसे भरून पाणी वाहिलं

मला क्रिकेटचा स्कोअर लिहिता येतो. पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून लेकाच्या किटबॅगसकट आझाद मैदान गाठायचं आणि संध्याकाळपर्यंत सावली शोधत बसायचं, त्यापेक्षा हाताला काही काम असावं म्हणून शिकले. रन न निघालेल्या बॉलची टिंबं, आकडे, मेडन ओव्हर. क्रिकेट अकादमीत झालेली आमची फसवणूक मला कळली ती त्या वहीमुळे. खालचे आकडे तिच्यातलेच आहेत.

लेक तेव्हा बारा वर्षांचा. ऑफस्पिन टाकतो, बॅटिंग बेताची. अकादमीची फी वर्षाला ३६,००० रुपये. शिवाय ज्या रविवारी मॅच त्या रविवारी ६०० रुपये वेगळे. मैदान, अंपायर आणि नाश्त्याचे. त्या सीझनला लेकाचं नाव ११ मॅचच्या यादीत होतं. बॅटिंग मिळाली तीनदा, मिळून १७ बॉल. बॉलिंग चार ओव्हर, त्याही सगळ्या मॅच हातातून गेल्यावर.

हिशोब साधा आहे. यादीत १९ मुलं, पैसे १९ जणांचे, खेळणार ११. उरलेल्या आठांना आलटून पालटून पाच-दहा ओव्हर फिल्डिंगला उभं करायचं. विचारलं की अकादमीचे कोच, म्हणजे सर, म्हणणार, "खेळवलं की ताई! फिल्डिंग केली ना त्याने?" इथे बरेच आईबाप गप्प बसतात, मीही बसले. नियम असा आहे की बदली फिल्डरला बॉलिंग करता येत नाही, बॅटिंगही करता येत नाही. त्याने झेल घेतला तरी स्कोअरबुकात सहसा 'झे. बदली' एवढंच लागतं, पोराचं नाव नाही. म्हणजे ६०० रुपये देऊन तो त्या मॅचमध्ये नव्हताच.

ओपनिंगला एक मुलगा ठरलेला. वाईट खेळायचा असं नाही, उगाच कशाला बोला. पण २५ बॉल झाले की रिटायर व्हायचं हा सरांचा नियम बाकीच्यांना होता, त्याला नव्हता. एकदा ७१ बॉल खेळला, वहीत आहे. कारण सगळ्यांच्या छातीवर छापलेलं होतं. टीमच्या जर्सी त्याच्या वडिलांनी दिल्या होत्या आणि त्यावर त्यांच्या दुकानाचं नाव होतं. माझा लेक ते नाव मिरवत त्याला ड्रिंक्स नेऊन द्यायचा.

तक्रार केली की सरांकडे गोष्टी तयार. १९८८ ची हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेतली मॅच, सचिन आणि कांबळीची ६६४ ची भागीदारी, आणि पुढचा बॅट्समन अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला. "तो बसला ताई, रडला नाही. पुढे रणजीच्या पहिल्याच मॅचमध्ये २६० केले." हे सगळं खरं आहे. ऐकून मला दोन-तीन रविवार लाजही वाटली. मग लक्षात आलं, मुजुमदार बसला कारण खेळत असलेले दोघे आउटच होत नव्हते. त्यांच्यापैकी कुणाच्या वडिलांनी जर्सी वाटल्या म्हणून नव्हे. आणि सचिनचे कोच आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, ते खेळायला मिळावं म्हणून. पाणी द्यायला नव्हे.

मग 'पर्सनल'चं, म्हणजे एकट्याच्या वेगळ्या कोचिंगचं सुरू झालं. तासाला ८०० रुपये, आठवड्यातून दोनदा. टीम निवडणारेही हेच, पर्सनल घेणारेही हेच. इतका उघड घोळ आम्हाला दिसला नाही, कारण पर्सनलला जाणारी मुलं टीममध्ये दिसत होती, तेवढंच आम्ही पाहिलं. डिसेंबरात गोव्याची टूर. १४,५०० रुपये, चार मॅच. लेक नवव्या नंबरावर चार बॉल खेळला आणि मडगावहून घरी काजूचं पाकीट घेऊन आला. 'क्रिकेट असोसिएशनची माणसं बघायला येतात' असं ज्या स्पर्धेबद्दल सांगितलं होतं, ती चार अकादम्यांनी आपसात ठेवलेली निघाली. गाइल्स शील्ड, हॅरिस शील्ड या स्पर्धा शाळा खेळतात, अकादम्या नाहीत. हे मला कुणीही फुकटात सांगितलं असतं, मी विचारलंच नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

जूनमध्ये सरांचा फोन आला. "ताई, सीझनचे बॉल घ्यायचेत, तुमच्याकडून काही जमेल का? याला पण आता नवीन रोल द्यायचा विचार आहे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ह्यांनी त्याच रात्री गुगल पेवर वीस हजार पाठवले. नंबर अकादमीचा नव्हता, सरांच्या भावाचा होता. खाली ह्यांनी आपल्याच हाताने लिहिलं, 'बॉलसाठी मदत'.

पुढच्या रविवारी लेकाला आठ ओव्हर मिळाल्या. त्यानंतरही मिळत गेल्या. मी वहीत त्याच्या नावापुढे टिंबं काढत होते आणि सुखात होते. त्याच्या जागी आधी एक डावखुरा स्पिनर खेळायचा, वडील रिक्षा चालवतात. बॉल आमच्या लेकापेक्षा चांगला वळवायचा, हेही वहीवरून दिसतं. त्याची आई माझ्या शेजारी येऊन बसली, भडंगाचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिता ना, आमच्याचं नाव आहे का बघा ना." होतं. पंधराव्या नंबरावर. मी बोट ठेवून दाखवलं. तिने मान डोलावली, बाटल्या भरायला निघालेल्या मुलाला हाक मारून टोपी दिली.

ऑगस्टमध्ये पुढच्या टूरच्या बसचा खर्च आणखी कुणीतरी उचलला आणि आमचा लेक पुन्हा तेरावा. तेव्हा मात्र मला 'फसवणूक' हा शब्द सुचला. पैसे परत मागितले तर सर शांतपणे म्हणाले, "ती मदत होती ताई, फी नाही. साहेबांनी स्वतःच लिहिलंय." ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण आमच्याकडे पावती एकाही पैशाची नाही. ना मॅचच्या सहाशेंची, ना टूरची.

मूल अकादमीत घालायच्या आधी एवढं करा: मागच्या सीझनचं स्कोअरबुक मागा. सगळी मुलं किती बॉल खेळली ते दहा मिनिटांत दिसतं. 'ते ऑफिसात आहे', 'ॲपवर बघा', असं ऐकू आलं तर तिथूनच परत फिरा. पैसे अकादमीच्याच खात्यात आणि पावती घेऊन. संघ निवडणाऱ्याकडेच पर्सनल लावायला सांगत असतील, तर ती फी कशाची हे स्वतःला विचारा. आणि तुमच्याकडे बॉल, जर्सी, बस मागितली की समजा, त्या आठवड्यात कुणाच्या तरी मुलाची जागा विकायला काढली आहे.

लेक आता शाळेच्या टीममध्ये आहे. सहावा बॉलर, कधी मिळतात ओव्हर, कधी नाही. डावखुऱ्याने त्याच वर्षी अकादमी सोडली. त्याची आई अजून मधूनच फोन करते, "तुमच्याचं कसं चाललंय?" म्हणून विचारते. वीस हजारांचं मी तिला सांगितलेलं नाही.