घायपात, घाणेरी आणि बारीक खडी

मुलाकडे हेंडरसनला (नेवाडा, अमेरिका) तीन महिने होतो. त्यांच्या वसाहतीच्या दारापुढचा दुभाजक एका लँडस्केपवाल्याने हिरवळ उपटून नव्याने केलाय, त्याबद्दल. इथल्या 2021 च्या कायद्याने अशी नुसती शोभेची हिरवळ 2026 अखेर काढायचीच आहे. घरांच्या अंगणाला सूट आहे.

मी सोलापूरकडचा, ठिबकवर डाळिंब केलेला माणूस. काम पाहून आधी हसूच आलं. आपल्या बांधावरचं घायपात आणि आपण उपटून टाकतो ती घाणेरी, इथे नर्सरीतून विकत आणून लावलीय! पण वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे याहून शहाणी निवड नाही. लाल युक्काचे तुरे तर झकास, त्यांवर हमिंगबर्ड येतात.

खोट एकच, पण मोठी. पालो व्हर्डेची झाडं वाढली तरी ठिबकचे ड्रिपर बुंध्यालाच. ते फांद्यांच्या घेराच्या कडेला सरकवायला हवेत, नाहीतर मुळं पसरत नाहीत. एक झाड वावटळीत कललंच. सांगितलं, तर लँडस्केपवाला म्हणाला, "पुढच्या फेरीत बघू."

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा घाणेरीसाठी.